चराईची चाल

माणूस कसा चालतो ते पाहिल्याशिवाय मला त्याच्याबद्दल काही ठरवता येत नाही. सूतगिरणीच्या टाइम ऑफिसात बत्तीस वर्षं काढली त्याचा हा परिणाम. पाळीला येणारे कामगार मी रोज फाटकाशी बसून बघायचो. उशीर झालेला कसा येतो, घरी भांडून आलेला कसा येतो, आदल्या दिवशीची दांडी लपवायची असली की कसा येतो, हे मला हजेरीच्या कार्डाआधी कळायचं. निवृत्त झालो तेव्हा गिरणीनं शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. मी वर ऑफिसातलं जुनं स्टॉपवॉच मागून घेतलं. ते अजून खिशात असतं.

आमची वसाहत अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अलीकडे. मधोमध एक मैदान आहे. डॉक्टरांनी मला रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलंय. त्यातली वीस मी चालतो आणि उरलेली वीस कट्ट्यावर बसून बाकीचे कसे चालतात ते बघतो. बायको म्हणते, "सोमशेखर टाइमकीपर, स्वतःचं पोट सोडून गावाचं मोजा." मोजतो की! कुणी काही चुकीचं करताना दिसलं आणि मी गप्प बसलो, असं अजून झालेलं नाही. या स्वभावापायी मी दोन शेजारी आणि एक व्याही तोडून घेतलाय.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. मैदानावर एक नवी बाई यायला लागली. पन्नाशीच्या अलीकडची, ठेंगणी, चांगली भरलेली. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आत निळी ट्रॅक पँट, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. थोडं पळायची, मग चालायची, परत पळायची. अशी पळापळ करणारे दिवाळीनंतर बरेच येतात आणि संक्रांतीपर्यंत गळतात. त्यामुळे मी लक्ष दिलं नसतं. पण तिच्यात काहीतरी खटकत होतं, आणि काय ते कळेना. दोन दिवस नुसता बघत बसलो. तिसऱ्या दिवशी स्टॉपवॉच काढलं.

लिंबाच्या झाडापासून फाटकापर्यंत बरोबर शंभर मीटर आहेत, मी टेपनं मोजलेत. तेवढं अंतर पळायला तिला चौसष्ट सेकंद लागले आणि चालायला अठ्ठावन्न. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा तेच! बाईचं चालणं तिच्या पळण्यापेक्षा जलद होतं.

असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. चौथ्या दिवशी तिला अडवलंच.

"काय हो बाई, काय कराय लागलाव?"

"पळायलीया की अण्णा."

"हे पळणं? चालताय त्यापेक्षा हळू पळताय तुम्ही. मग पळायचं कशाला? सरळ चाला की."

तिला राग आला नाही. पदरानं तोंड पुसलं आणि भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली, "भावाला किडनी द्यायची हाय. डाक्टर म्हनले, तुमी लई जाड हाय, साकर बी काठावर हाय. नऊ किलो उतरवा, साकर खाली आना, मंग बघू. मार्चपातूर येळ दिलाय."

किडनीचं नाव ऐकून शहाणा माणूस गप्प बसला असता. निदान पुढे दोन प्रश्न विचारले असते. मी उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "मग तर नीट पळायलाच पाहिजे. हे असं लाजत लाजत पळून नऊ किलो कसे जाणार? पाय उचला, जोर लावा. मी वेळ लावतो."

"बरं की," म्हणाली.

नाव राजाबाई. माहेर सांगोला भागातलं, धनगराचं. वडिलांची शंभरावर मेंढरं. पाय फुटल्यापासून पंधराव्या वर्षापर्यंत ती मेंढरांमागे हिंडली. मग लग्न होऊन सोलापुरात आली. नवरा बाळासो एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागांची दुरुस्ती बघतो. तीही टॉवेलच्याच एका कारखान्यात शिलाईवर आहे. टॉवेलाच्या कडा दुमडायच्या आणि मशीन मारायचं, आठ तास बसून. हे बावीस वर्षं. रानात वाढलेली बाई बावीस वर्षं स्टुलावर बसली, दुसरं काय होणार?

भाऊ बिरुदेव तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पायांवर सूज आली, मग तोंडावर, आणि तपासलं तर दोन्ही किडन्या गेलेल्या. तेव्हापासून तो सोमवारी आणि गुरुवारी एसटीनं सोलापूरला येतो, डायलिसिस करून घेतो, रात्री बहिणीकडे राहतो आणि सकाळी परत जातो. बायकोचा रक्तगट जुळेना. आईचं वय झालेलं. उरली राजाबाई. तिचं सगळं जुळलं, पण वजनात आणि साखरेत ती नापास झाली. बिरुदेवाला वाटलं, डॉक्टरांनी नाही म्हटलं, विषय संपला. उलट त्यानं सुटकेचा श्वास सोडला. चार महिन्यांनी परत तपासणार आहेत, हे तिनं त्याला सांगितलंच नव्हतं. साखर आहे म्हणून पळते, एवढंच सांगितलं होतं. यातलं बरंचसं मला नंतर कळलं. सुरुवातीला मी फक्त माझं स्टॉपवॉच बघत होतो.

माझं ऐकून ती जोरात पळायला लागली. पहिल्या दिवशी शंभर मीटर पन्नास सेकंदांत, दुसऱ्या दिवशी शेहेचाळीस. मी कट्ट्यावरून आकडे ओरडत होतो आणि मनातून खूश होतो. तिसऱ्या दिवशी फाटकाजवळ ती एकदम खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली. चालायला आलेल्या बायकांनी पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. उठायला गेली तर गुडघा वळेना. एक बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "अण्णा, तुम्ही घड्याळ लावून हिला मारणार आहात काय?" माझ्या हातात स्टॉपवॉच चालूच होतं.

पुढचे चार दिवस राजाबाई मैदानावर आली नाही. मार्चपर्यंतच्या दिवसांतले हे चार दिवस मी खाल्ले होते, हे मला कळत होतं. पाचव्या दिवशी संध्याकाळी विचारत विचारत तिच्या घरी गेलो. बाळासो दारात उभा होता. शांत माणूस. "या अण्णा," म्हणाला, "तुमीच न्हवं का तिला पळवली?" मी मान खाली घातली. त्यानं खुर्ची दिली.

राजाबाई गुडघ्याला फडकं बांधून बसली होती. भिंतीवर कॅलेंडरशेजारी दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडमनी दिलेला कागद चिकटवला होता. वाचला. स्वच्छ मराठीत लिहिलं होतं: पहिले दोन आठवडे, एक मिनिट अगदी हळू जॉगिंग, दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा. चालताना शेजारच्याशी सहज बोलता आले पाहिजे. दमण्याची वाट न पाहता चालायला लागावे. पुढे दर आठवड्याला पळणं थोडं वाढत होतं आणि चालणं कमी होत होतं. शेवटच्या ओळीत होतं, पंचवीस मिनिटे न थांबता.

म्हणजे तिचं हळू पळणं बरोबर होतं! चूक होती ती चालण्यात, आणि मी नेमकं जे बरोबर होतं तेच मोडायला लावलं होतं.

"राजाबाई, एक मिनिट, दोन मिनिटं हे तुम्ही मोजता कसं?" मी विचारलं. हातात घड्याळ दिसत नव्हतं, आणि घरातला एकुलता मोबाइल बाळासो पाळीला घेऊन जायचा.

"ईसावर," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मेंढरं मोजत्यात तसं. ईस झाली की एक बोट. परत ईस, दुसरं बोट. आट ईसं पावलं पळायची, बारा ईसं चालायची. मॅडमनी दवाखान्यात चालवून बघितलं तवा दोन मिन्टात बारा ईसं भरली हुती. मी ध्येनात ठिवलं."

दवाखान्याच्या बोळात, पुढे पेशंट आणि मागे पेशंट, तिची दोनशे चाळीस पावलं दोन मिनिटांत झाली होती. मैदानावर तिची चाल सुटली की तीच पावलं दीड मिनिटात संपायची. जितकी झपाझप चालेल तितकी विश्रांती कमी. धाप बसायच्या आत पळायची पाळी परत यायची. बत्तीस वर्षं मी गिरणीत वेळ मोजला, पण पावलं मोजून स्वतःचीच विश्रांती चोरणारा माणूस मला भेटला नव्हता.

"पण एवढं झपाझप चालता कशाला? चालणं ही विश्रांती आहे," मी म्हणालो.

"चालनं म्हंजे इस्रांतीच की! त्यो काय येयाम हाय व्हय? चालताना मी दमतच न्हाय." मग जरा थांबून म्हणाली, "आन पळायचं मला ठावंच न्हाय अण्णा. मेंढरामागं पळायचं नसतंय. मानूस पळालं की म्होरलं मेंढरू बुजतंय, त्येच्या मागं समदा कळप. एकडाव ल्हानपनी पळाले, तर आबानं काटी घातली हुती पाटीत."

बाळासो तेवढ्यात चहा घेऊन आला. त्यानंच केला होता, गोड नुसता पाक. तिचा मात्र बिनसाखरेचा. "तिनं पळायचं आन मी सैपाक करायचा," तो म्हणाला, "असं ठरलंय आमचं. कडक भाकरी अजून जमंना, मऊच ऱ्हाती."

गुडघा बरा झाल्यावर ती परत आली. मी कट्टा सोडून तिच्या शेजारून चालायला लागलो. कागदात लिहिलं होतं, बोलता आलं पाहिजे. म्हटलं बोलून बघू. पण चालणं सुरू झालं की दहाव्या पावलाला ती पुढे आणि मी मागे. मी बोलत होतो ते लिंबाच्या झाडाशी.

"हळू, बाई, हळू."

"हळूच हाय की ह्ये."

"आणखी हळू."

"आनी हळू कसं चालायचं? मागं ऱ्हातंय मानूस."

"बाजारात चालता तशा चाला."

"बाजारात तर घाईच असती."

चार दिवस हेच. मी चिडलो. तिच्यावर नाही, त्या चालीवर. पायांत काय बसवलंय या बाईच्या, असं वाटायचं. घरी येऊन बायकोला सांगायचो, ती हसायची. पण चिडण्याबरोबर मला खरंच कुतूहल वाटायला लागलं होतं. एक साधा प्रश्न डोक्यातून जाईना. पाचव्या दिवशी विचारला.

"राजाबाई, मेंढरं अशीच पळवत न्यायचा काय दिवसभर? मग ती खायची कधी?"

ती जागच्या जागी थांबली.

"खाताना कोन पळवतंय? ही चाल वाटंची हाय, अण्णा. एका रानातनं दुसऱ्या रानात जायचं असलं की. दिस मावळायच्या आत तळ गाठाय लागतो. चरायला सोडल्यावर चाल येगळी." आणि मग कपाळावर हात मारून हसली. "मंग चराईची चाल म्हना की आदी! मॅडम बी तसं म्हनल्या न्हाईत."

तिनं करून दाखवली. खांदे खाली आले. हात मागे गेले, काठी पाठीवर आडवी धरावी तसे. एक पाऊल टाकायचं, ते मातीत बसू द्यायचं, मग दुसरं. मध्येच मान वळवून मागे बघायचं, कुणी राहिलं का ते. तीच बाई, तीच साडी, पण लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की ही तिची थोरली बहीण आहे. शंभर मीटर झाले एक मिनिट छत्तीस सेकंदांत. आणि पूर्ण वेळ ती बोलत होती. कोणतं मेंढरू कसं हावरट असायचं, व्यायला झालेली मेंढी कशी मागे रेंगाळायची, तिच्यासाठी सगळा कळप कसा हळू न्यायचा.

एका माणसाच्या दोन चाली असतात हे मी इतकी वर्षं फाटकावर बसून शिकलो नव्हतो.

"पन अण्णा," फेरी संपल्यावर तिनं विचारलं, "असं रमतगमत चालून वजन कसं उतरंल?"

"मला काय माहीत? कागदात आहे."

"तुमालाबी म्हाईत न्हाय?"

"नाही."

"मंग बघू तरी काय हुतंय," ती म्हणाली. आम्ही दोघंही त्या दिवसापासून बघायला लागलो. मी पावलं मोजायला बंदी केली आणि वेळ माझ्याकडे घेतला. पळायचं मिनिट संपलं की मी "चरा!" म्हणून ओरडायचो. मैदानावरच्या नव्या माणसांना वाटायचं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिघडलंय.

वजन पहिल्या तीन आठवड्यांत हललं नव्हतं. पुढच्या तीन आठवड्यांत अडीच किलो उतरलं. आता ती दोन मिनिटं पळत होती आणि दोन मिनिटं चरत होती. मग तीन मिनिटं. हे सगळं सरळ रेषेत झालं असं मात्र नाही. संक्रांतीला तिळाच्या पोळ्या झाल्या आणि काटा वर सरकला. पाच मिनिटांच्या टप्प्यावर ती तीन आठवडे अडकली. पाचवं मिनिट लागलं की तिला वाटायचं, आता कुणीतरी बुजणार. पळता पळता मागे वळून बघायची. "मागं काय न्हाय, ठावं हाय मला," म्हणायची, "पन मान आपुआप वळती." कारखान्यातल्या बायका चिडवायच्या, "राजाबाई, कुटं आग लागलीय?" ही म्हणायची, "पोटाला लागलीय, इझवायलीया."

मीही एकदा पळून बघितलं. चाळीस सेकंदांनी लिंबाला धरून उभा राहिलो. राजाबाई शेजारून जाताना म्हणाली, "चरा अण्णा, चरा." मैदानभर हशा झाला. मला राग आला आणि हसूही आलं.

बिरुदेवाला मी पहिल्यांदा जानेवारीत बघितलं. उंच, वाळलेला, डोक्याला पटका, चेहरा मात्र सुजलेला. सोमवारी आणि गुरुवारी मुक्काम असायचा, म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी एसटीच्या आधी तो माझ्या शेजारी कट्ट्यावर येऊन बसायचा. पलीकडच्या गल्लीतल्या घरातून यायला त्याला दोनदा थांबावं लागे. मेंढरं आता चुलतभावाकडे होती. बहीण पळताना बघून तो म्हणायचा, "आक्काला साकर हाय म्हनं. पळून पळून लई वाळली बगा." मी "हं" म्हणायचो. राजाबाईनं मला शपथ घातली होती. तोंडावर ताबा ठेवायची अशी शिक्षा मला गिरणीतही कुणी दिली नव्हती. त्याच्या डाव्या हातावर सुयांच्या गाठी होत्या. त्या बघितल्या की मला दर वेळी मैदानावरच्या आकड्यांची भीती वाटायची. अजून पाच किलो, अजून चार किलो, आणि हातात आठवडे सहा.

फेब्रुवारीच्या शेवटी काटा पासष्टावर आला. सुरुवात चौऱ्याहत्तरला होती. मार्च लागला तशी सकाळी सातलाच उन्हं टोचायला लागली, म्हणून आम्ही साडेपाचला यायला लागलो. एका बुधवारी मी स्टॉपवॉच लावलं आणि पाच मिनिटं झाल्यावर मुद्दाम ओरडलो नाही. दहा झाली. पंधरा झाली. ती आपली त्याच लयीत फेऱ्या मारत होती, मान सरळ, मागे वळणं नाही. पंचवीस मिनिटं झाल्यावर मी "चरा!" म्हणालो तेव्हा माझाच आवाज चिरकला. ती थांबली आणि म्हणाली, "आज लौकर वराडलासा की." मी तिला घड्याळ दाखवलं. तिनं ते दोन्ही हातांत धरून डोळ्यांजवळ नेलं, चष्मा नव्हता ना. बराच वेळ बघत होती. मला फार आनंद झाला, तो सांगायला मला लाज वाटत नाही.

पुढच्या बुधवारी दवाखान्यात तपासण्या झाल्या. रक्त, साखर, दाब, पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी. सगळ्यात पास. डॉक्टर म्हणाले, आता दोघांनी मिळून परवानगीच्या समितीपुढे यायचं. देणाऱ्याची सही लागेल, घेणाऱ्याचीही लागेल. कागद त्यांनी तिच्याकडेच दिले.

गुरुवारी रात्री तिनं बिरुदेवाला सांगितलं. शुक्रवारी सकाळी मी मैदानावर आलो तर तो एकटाच कट्ट्यावर बसलेला होता, आणि राजाबाई फेऱ्या मारत होती. मला बघून त्यानं हात जोडले.

"अण्णा, तुमी शिकलेलं मानूस हाय. तुमी सांगा तिला. मला नको ते."

"का नको?"

"भावानं भनीला द्यायचं असतंय. भनीच्या अंगातलं काडून घ्यायचं नसतंय. दिवाळीला तिच्या ताटात काय घालायचं मंग मी? गावात त्वांड कसं दावू? लोक म्हनतील, भनीला कापून जगला." त्यानं जोरानं मान हलवली. "मी मेलो तरी चालंल. सही न्हाय करनार."

  त्याचं म्हणणं मला निम्मं पटलंही होतं. आमच्याकडेही बहिणीच्या घरचं फार घेऊ नये म्हणतात. चार महिन्यांचं पळणं, नऊ किलो, पंचवीस मिनिटं, सगळं या एका माणसाच्या मानेवर अडकलं होतं आणि ती मान नाही म्हणून हलत होती.

फेरी पुरी करून राजाबाई आली. धाप नव्हती. तिनं शेवटचं वाक्य ऐकलं असावं. कमरेला खोचलेला पदर सोडला, तोंड पुसलं आणि भावासमोर उभी राहिली.

"बिरू, आबा गेल्यावर तिसऱ्या म्हैन्यात तू जीप घिऊन आलतास. ध्येनात हाय?"

त्यानं मान दुसरीकडे वळवली.

"मला तालुक्याला न्हेलंस. हापिसात कागद म्होरं ठिवलास आन म्हनलास, आक्का, हितं सही कर. हक सोडायचा कागद हुता. मी वाचला बी न्हाय. जमिनीतला वाटा, मेंढरातला वाटा, समदं त्यात हुतं. परत येताना मला एक लुगडं घेतलंस, हिरवं. तवा तुला वाटलं न्हाय, भनीचं कसं घेऊ. गावात त्वांड कसं दावू, असं बी वाटलं न्हाय."

ती रागावलेली नव्हती. पावलं मोजताना लागायचा तसाच सपाट आवाज होता.

माझ्या घराच्या कागदावर सिद्धेश्वरीची सही आहे. माझी धाकटी बहीण. तिनंही वाचलं नव्हतं. वडिलांच्या तेराव्यानंतर मी तिच्यापुढे पेन धरलं होतं आणि तिनं माझ्या तोंडाकडे बघून सही केली होती. तिला मी साडी घेतली, तीही सेलमधली. इतक्या वर्षांत हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. मी कट्ट्यावरून उठून थोडा बाजूला जाऊन उभा राहिलो. 

बिरुदेव खाली बघत होता. तसाच म्हणाला, "आक्का, तुजा वाटा तुज्या नावावर करतो. उद्याच करतो. मंग घेतो."

"सौदा कराय आले न्हाय मी," राजाबाई म्हणाली. "तवा बी मीच दिलं, आता बी मीच देत्ये. तवा तू मागून घेतलंस, आता मी आपनहून देत्ये, एवडाच फरक हाय. तुला फकस्त घ्यायचं हाय, बिरू. तेवडं तरी कर की."

मग तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "चार म्हैनं पळालीया रं मी. कवा पळाले न्हवते जन्मात."

बिरुदेवानं डोक्याचा पटका काढला आणि त्यात तोंड खुपसलं. त्याची पाठ हलत होती. राजाबाई शेजारी बसली, पण तिनं त्याला हात लावला नाही, समजूतही काढली नाही. पलीकडून पाळीला जाणाऱ्या सायकली आणि मोटारसायकली एमआयडीसीकडे चालल्या होत्या. बाळासोही त्यातून गेला, आमच्याकडे बघून त्यानं हात केला.

शेवटी बिरुदेवानं तोंड वर केलं.

"कुटं हाय कागद?" त्यानं विचारलं. "सही करतो."

राजाबाईनं पिशवीतून कागद काढून त्याच्या मांडीवर ठेवले.

"आदी वाच," ती म्हणाली. "माज्यागत नगं करूस."